एअरसॉफ्ट गनची साफसफाई: तेल कुठे द्यायचं आणि कुठे एक थेंबही नाही

एअरसॉफ्ट गन म्हणजे हवेच्या किंवा गॅसच्या जोराने प्लॅस्टिकच्या छोट्या गोळ्या मारणारी खेळातली गन, त्या गोळ्यांना बीबी म्हणतात. अशी नवीन गन घेतली की बहुतेकांचं दोनपैकी एक होतं. एकतर वर्षभर तिला कोणी हात लावत नाही, खेळून आलं की तशीच बॅगेत, नाहीतर पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात दिसेल त्या फटीत तेल सोडलं जातं. माझं दुसरं झालं होतं. माझ्या पहिल्या गॅस पिस्तुलाला मी घरात होता तो गंज सोडवायचा स्प्रे मारला, स्लाइडला (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मारला आणि मॅगझीनच्या (बीबी आणि गॅस भरायचा डबा) व्हॉल्वलाही मारला, दोन दिवस स्लाइड अशी मस्त सुळकन सरकत होती की मला वाटलं काम फत्ते. मग मॅगझीनमधून गॅस गळायला लागला. उघडून बघितलं तर आतली रबरी रिंग फुगून मऊ पडली होती, बाहेर काढली ती परत तिच्या खाचेत बसेचना, एवढी वाढली होती. तेव्हापासून नवीन कोणी विचारलं की आधी हेच सांगतो, गन खराब होते ती मळाने कमी आणि चुकीच्या तेलाने जास्त.

आता मुख्य मुद्दा, हा नीट डोक्यात बसला तर बाकीचा लेख त्यातूनच सुचत जातो. एअरसॉफ्ट गनमध्ये रबर दोन प्रकारचं काम करतं. एक रबर असतं हवा किंवा गॅस अडवायला, म्हणजे पिस्टनवरची ओ-रिंग, मॅगझीनच्या व्हॉल्वमधल्या रिंगा, याला घसरायचं असतं आणि ओलसर राहायचं असतं, त्यामुळे याला तेल लागतं. दुसरं रबर म्हणजे हॉप-अपचं. ते बॅरलच्या मागच्या टोकाला असतं, त्याचा छोटासा उंचवटा बीबीला वरून घासतो, त्या घासण्यामुळे बीबी उलटी फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यामुळे ती हवेत तरंगत लांब जाते. म्हणजे या रबराचं सगळं काम पकडीवर चालतं. त्याला तेल लागलं की पकड गेली, एक बीबी समोर दहा पावलांवर पडेल, पुढची वर उडेल, तिसरी भलतीकडेच. तर घसरायचं रबर तेलात, पकडायचं रबर कोरडं, एवढंच.

काय काय जवळ असावं

फार काही नाही. शुद्ध सिलिकॉन ऑइलची छोटी बाटली, शक्यतो थेंब सोडायची, स्प्रे नको कारण स्प्रे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. स्प्रेच असेल तर आधी कापडावर मारा मग कापड गनला लावा, आणि डब्यावर त्यात पेट्रोलियमचं काही मिसळलेलं नाही ना ते वाचून घ्या. गनबरोबर एक लांब काडी येते, बीबी अडकली तर ढकलायला दिलेली असते आणि तिच्या टोकाला सुईसारखं भोक असतं, बॅरल साफ करायला हीच वापरायची. जुन्या सुती टीशर्टचे तुकडे. धागे सुटणारं कापड नको. एक जुना टूथब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. गॅसची गन असेल तर सिलिकॉन ग्रीसची एक छोटी ट्यूब पण घ्या.

काय नको ते जास्त महत्त्वाचं आहे. शिवणयंत्राचं तेल, गाडीचं इंजिन ऑइल, गंजाचे स्प्रे ही सगळी खनिज तेलं, साध्या रबराच्या रिंगा त्यांनी फुगतात. स्वयंपाकाचं किंवा केसांचं तेल तर मुळीच नको, काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं लिक्विड यांनी प्लॅस्टिक विरघळतं. आणि खऱ्या बंदुकीच्या सफाईचे तारेचे ब्रश मिळतात ना, ते कोणी कितीही चांगले म्हणून दिले तरी घेऊ नका, आपलं बॅरल पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं असतं आणि आतून गुळगुळीत असतं, तारेने त्यावर चरे पडतात. खऱ्या बंदुकीत दारूची काजळी बसते म्हणून तो ब्रश लागतो, आपल्याकडे दारूच नाही, आपल्याकडे बसते ती धूळ, बीबीच्या प्लॅस्टिकची भुकटी आणि जुनं तेल.

हात लावायच्या आधी गन रिकामी करा

चष्मा घाला, म्हणजे खेळताना घालतो तो सेफ्टीचा. घरात बसून साफ करताना कशाला असं वाटतं आणि नेमकी तेव्हाच ती एक राहिलेली बीबी सुटते.

आधी मॅगझीन काढा. मॅगझीन काढलं म्हणजे गन रिकामी झाली असं नवीन माणूस धरून चालतो, पण इलेक्ट्रिक गनमध्ये हॉप-अपच्या तोंडाशी एखादी बीबी हमखास बसलेली असते, शिवाय मॅगझीनच्या वरच्या नळीत दोन-तीन असतात त्या काढताना सांडतात. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, जमिनीकडे किंवा जाड कापडाच्या ढिगाकडे धरून सिंगल शॉटवर तीन-चार वेळा ट्रिगर ओढा. बीबी बाहेर पडायची थांबली की बॅटरी काढा. सिंगल शॉटवर शेवट करायचं अजून एक कारण आहे, ऑटोवर थांबलात तर पिस्टन अर्धा मागे राहून स्प्रिंग दाबलेली राहू शकते. गॅस पिस्तूल असेल तर मॅगझीन काढा, स्लाइड ओढून आत डोकावा, मग ती पुढे सोडून रिकामा ट्रिगर ओढा. हाताने लोड करायच्या स्प्रिंग रायफलला मॅगझीन काढून एकदा बोल्ट ओढायचा आणि सुरक्षित दिशेला सोडायचा. हे सगळं झाल्याशिवाय नळीच्या समोर हातसुद्धा आणायचा नाही, आणि काडी घालताना हात समोर येणारच असतो म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

बॅरल

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो त्यामुळे इथे घाई करू नका.

बीबी ६ मिमीची म्हणतात पण चांगली बीबी मोजली तर ५.९५ मिमीच्या आसपास भरते, आणि आतलं बॅरल साध्या गनमध्ये साधारण ६.०८ मिमी, अचूक नेमासाठी बदलून घातलेलं ६.०३ किंवा त्याहूनही घट्ट. म्हणजे बीबी आणि बॅरलमध्ये केसाएवढी जागा. त्या जागेत धुळीचा थर बसला की बीबी एका बाजूला घासत जाते, मग नेम हलतो आणि लोक साइट फिरवत बसतात.

पहिलं काम, हॉप-अप पूर्ण बंद करा, चक्री असेल तर शून्यावर, आतली छोटी दांडी असेल तर ती पूर्ण बंदच्या बाजूला घ्या. हे विसरलात तर तो रबराचा उंचवटा नळीत खाली आलेला असतो, काडी त्यावर आपटते, एखाद्या वेळी रबर फाटतं.

मग काडी गनच्या बाहेरून, नळीच्या तोंडापासून हॉप-अपच्या चक्रीपर्यंत शेजारी धरून मोजा, त्यापेक्षा दोन बोटं कमी ठेवून काडीवर चिकटपट्टी गुंडाळा. आता काडी किती आत गेली ते कळतं आणि तेलकट कापड हॉप-अपच्या रबराला लागत नाही.

कापडाची पट्टी कापा, दोन-अडीच सेंटीमीटर रुंद आणि बोटभर लांब, काडीच्या भोकातून ओवा आणि टोकावरून पुढे दुमडून घ्या म्हणजे काडीचं उघडं टोक कुठेच बॅरलला लागणार नाही. जाडी अशी पाहिजे की ढकलताना थोडा विरोध जाणवेल पण जोर लावावा लागणार नाही. जोर लागतोय म्हणजे पट्टी जाड झाली, बाहेर काढा आणि अरुंद कापा. दाबून घालायला गेलात आणि कापड आत सुटून अडकलं तर मग अख्खं बॅरल बाहेर काढण्यावाचून इलाज नाही.

पहिल्या पट्टीवर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब, फार तर दोन, आणि बोटाने चोळून पसरवा. फार मळलेलं असेल तर तेलाऐवजी अल्कोहोल घ्या, ते लवकर उडून पण जातं. गनचं तोंड खाली उताराकडे धरा म्हणजे आत जे काही ओलं आहे ते हॉप-अपकडे न जाता बाहेर येईल. काडी हळू फिरवत आत, चिकटपट्टीपर्यंत, आणि तशीच फिरवत बाहेर. पट्टी बघा. पहिल्या वेळेला तिच्यावर राखाडी-काळपट पट्टे येतात, कधीकधी पांढरी भुकटी चिकटलेली असते ती बीबीचीच. आता कोरडी पट्टी, परत तेच. मग अजून एक कोरडी. माझ्याकडे साधारण चौथी-पाचवी पट्टी स्वच्छ येते, पण आकडा धरून बसू नका, पट्टी पांढरी येईपर्यंत करत राहा आणि शेवटची पट्टी पूर्ण कोरडीच असली पाहिजे. बॅरलला आत तेल ठेवायचं नसतं, बीबीला तेलाची गरज नाही आणि पितळ काही गंजत नाही. स्टीलचं बॅरल असेल तर तेलाचा हात लावलेल्या पट्टीने एकदा पुसून घ्या, पण तेही खेळायच्या आधी कोरडं करायचं.

बॅरल बाहेर काढता येत असेल तर एका टोकाने उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकातून बघा. स्वच्छ बॅरलमध्ये उजेडाची वर्तुळं एकामागे एक सलग आणि धारदार दिसतात, कुठे एखादं वर्तुळ तुटलेलं किंवा धुरकट दिसलं की तिथे काहीतरी चिकटलंय. मला हे बघायला अजूनही आवडतं.

किती वेळा करायचं? खेळून आल्यावर दरवेळी एक कोरडी पट्टी फिरवायची सवय लावा, पाच मिनिटं पण लागत नाहीत. पूर्ण सफाई हजार-दोन हजार बीबी झाल्यावर, किंवा धुळीत, चिखलात, पावसात खेळलात तर त्याच दिवशी. आणि जमिनीवर पडलेल्या बीबी उचलून परत भरू नका, एका बीबीला चिकटलेला वाळूचा कण सगळ्या बॅरलभर रेघ मारत जातो. पर्यावरणाला चालणाऱ्या, म्हणजे कुजणाऱ्या बीबी वापरत असाल तर त्या बंद पिशवीत ठेवा, त्या ओल शोषून फुगू शकतात आणि फुगलेली बीबी घट्ट बॅरलमध्ये जाऊन बसते.

बीबी अडकलीच तर परत परत ट्रिगर ओढून ती निघत नाही, उलट मागे अजून एक येऊन बसते. गन रिकामी करायच्या सगळ्या पायऱ्या करा, हॉप-अप बंद करा, काडीने पुढून हळू मागे ढकला. ठोकायचं नाही.

हॉप-अपला तेल लागलंच असेल तर

घाबरू नका, बहुतेक वेळा रबर वाया जात नाही. कोरड्या पट्टीला हॉप-अप बंद ठेवून शेवटपर्यंत आत नेऊन दोन-तीनदा फिरवा (इथे मात्र चिकटपट्टीची खूण ओलांडायची, पट्टी कोरडी आहे म्हणून चालतं), मग पन्नासएक बीबी मारा, बीबीच उरलेलं तेल घेऊन बाहेर जातात. तरी सुधारलं नाही तर बॅरल काढून रबर उतरवा, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण सुकू द्या आणि बसवताना ते आधी जसं होतं त्याच दिशेने बसवा. उतरवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बसवताना उपयोगी पडतो.

इलेक्ट्रिक गन

इथे सांगण्यासारखं कमी आहे कारण इलेक्ट्रिक गनला बाहेरून तेल द्यायची जवळजवळ गरजच नसते. बाहेरचा मळ कोरड्या कापडाने, साइट वगैरे बसवायच्या रेलच्या खाचा टूथब्रशने, चिखल असेल तर ओलसर कापडाने आणि लगेच कोरडं. बाहेरचे स्टीलचे स्क्रू आणि पिना यांच्यावर सिलिकॉन ऑइल लावलेलं कापड फिरवा, गंज धरत नाही.

ट्रिगरच्या फटीत किंवा मॅगझीनच्या खाचेतून आत गिअरबॉक्समध्ये तेल मारू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आत गिअरला कंपनीतून घट्ट ग्रीस लावलेलं असतं, ते दातांना धरून राहावं म्हणूनच घट्ट असतं, वरून पातळ तेल पडलं की ते ग्रीस सैल होऊन वाहून जातं आणि धातूवर धातू घासायला लागतो. सिलिकॉन तसंही धातूवर धातू जोराने घासतो तिथे टिकत नाही, गिअरला लिथियम किंवा मॉलिब्डेनमवालं ग्रीस लागतं, सिलिकॉन ग्रीस पिस्टन आणि सिलिंडरसाठी. शिवाय ट्रिगरपाशी विजेचे संपर्क असतात, तिथे तेलात धूळ मिसळून चिखल होतो.

गिअरबॉक्स कधी उघडायचा? नवीन असाल तर उघडूच नका. बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, किंवा बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गन मंद चालते तर अनुभवी माणसाकडे न्या आणि तो उघडत असताना शेजारी बसून बघा. आत दाबलेली स्प्रिंग असते, झाकण उचललं की ती उडते आणि छोटे वॉशर खोलीभर जातात.

जवळ वेग मोजायचं यंत्र असेल, किंवा मैदानावर असतंच, तर सफाईआधी आणि नंतर त्याच वजनाच्या बीबीने पाच-सहा शॉट मोजा. ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ३२८ एफपीएसने (सेकंदाला फूट) जात असेल तर ती बरोबर १ जूलची होते, एवढं लक्षात ठेवलं की आकडे कळायला लागतात. आकडा आधीपेक्षा बराच पडलेला असेल किंवा दर शॉटला खूप कमी-जास्त होत असेल तर हवा कुठेतरी गळतेय, ते बॅरल घासून बरं होणार नाही.

गॅसची गन, इथे मात्र तेल लागतंच

गॅस गनला इलेक्ट्रिकपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. स्लाइड काढा, कशी काढायची ते गनच्या पुस्तिकेत असतं, बहुतेक पिस्तुलांना स्लाइड थोडी मागे घेऊन बाजूची खटकी बाहेर ओढली की निघते, तेव्हा आतली स्प्रिंग बोटाने धरून ठेवा. जुनं काळं ग्रीस कापडाने आणि कापसाच्या काडीने पूर्ण पुसा, त्याच्यावरच नवीन थापू नका. मग स्लाइड ज्यावर सरकते त्या रेलवर सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं दोन्ही बाजूंना पुरतं, बोटाने इतकं पातळ पसरवा की नुसती चमक दिसेल. स्लाइडच्या आतल्या पिस्टनच्या रबराला ऑइलचा एक थेंब आणि नोझल चार-पाच वेळा मागेपुढे करा. हॅमर जिथे घासतो तिथे ग्रीसचा ठिपका. झालं.

मॅगझीन. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन ऑइल, त्यामुळे रिंगांना थोडंफार तेल आपोआप मिळत राहतं. साधा प्रोपेन अडॅप्टर लावून भरत असाल तर त्यात तेल नसतं, तुम्हालाच द्यावं लागतं. भरायच्या व्हॉल्वमध्ये दोन थेंब सोडा आणि मग गॅस भरा, मॅगझीन उलटं आणि बाटली त्याच्यावर उलटी धरून, गॅस तेलाला आत ढकलतो. मी दर आठ-दहा वेळा भरल्यावर एकदा करतो. आणि हे करून लगेच खेळायला जाऊ नका, पहिल्या काही शॉटना ते तेल फवाऱ्यासारखं पुढे बॅरलमध्ये आणि हॉप-अपवर उडतं. बीबी न भरता पाच-सहा शॉट मारा, मग एक कोरडी पट्टी. बऱ्याच जणांची गन तेल दिल्यानंतर वेडीवाकडी मारते त्याचं कारण हेच असतं आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो.

गॅस भरताना आसपास ज्योत, सिगरेट काही नको, प्रोपेन पेटतो. बाहेर उडणारा गॅस इतका थंड असतो की बोटं पोळल्यासारखी होतात, तेव्हा हातमोजे घाला. फुसफुस आवाज येतोय पण गळती कुठे ते कळत नसेल तर व्हॉल्ववर साबणाच्या फेसाचं बोट लावा, बुडबुडा फुगतो तिथे रिंग बदला.

सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड) चालणारी गन असेल तर तिच्या १२ ग्रॅमच्या कॅप्सूलला बसवायच्या आधी मानेवर एक थेंब तेल लावा, आणि खेळ संपला की कॅप्सूल रिकामी करून काढून टाका. तशीच आठवडाभर आत राहिली तर तेवढ्या दाबाखाली रिंगा चेपून जातात. ग्रीन गॅसच्या मॅगझीनचं उलटं आहे, त्यात थोडासा गॅस शिल्लक ठेवूनच ठेवायचं म्हणजे रिंगा आपापल्या जागी दाबून बसलेल्या राहतात. हे दोन नियम एकमेकांत मिसळू नका.

ठेवून देताना

हॉप-अप बंद, म्हणजे रबर महिनाभर एकाच जागी दाबलेलं राहून त्याला खळगा पडत नाही. मॅगझीनमधल्या बीबी काढा, चावी फिरवायचं मॅगझीन असेल तर त्याची स्प्रिंग सोडून द्या, आणि मॅगझीनमध्ये बीबी बसतात त्या भागात तेल टाकू नका, तिथलं तेल बीबीला लागून थेट हॉप-अपला जातं. नळीच्या तोंडावर टोपी घाला आणि गन आडवी नाहीतर तोंड खाली करून ठेवा.

बॅटरी गनमध्ये ठेवायची नाही. लिपो (लिथियम पॉलिमर) असेल तर पूर्ण भरून पण नाही आणि संपवून पण नाही, चार्जरवर स्टोरेजचा पर्याय असतो तो निवडा, एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे ७.४ च्या बॅटरीला साधारण ७.६ आणि ११.१ च्या बॅटरीला ११.४. फुगलेली दिसली तर परत चार्ज करू नका, आग न धरणाऱ्या पिशवीत घालून बाजूला काढा आणि जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे देऊन टाका.